जाळीवरची फळी

(आखातातल्या दोहाजवळच्या मेसईदमधल्या कामगार-निवासाचं मागचं अंगण. रुचा पुराच्या धोक्याची पाहणी करायला आलेली इंजिनिअर, मच्छिंद्र तिथला इलेक्ट्रिशियन.)

रुचा : पण हिशेब जुळत नाही ना, मच्छिंद्रभाऊ. ड्रॉइंगमध्ये इथे ड्रेनेजच्या चार जाळ्या आहेत. मग पाणी गुडघाभर साचलं कसं?

मच्छिंद्र : पाऊसच तसा झाला, ताई. हितं वरसातनं दोनदा येतो, पर आला की सोडत न्हाय.

रुचा : तासभरच होता. मी रेकॉर्ड पाहिलंय.

मच्छिंद्र : लिवा की, जोराचा पाऊस. खलास. मागल्या सायबानं बी तेच लिवलं.

रुचा : तसं लिहिलं तर रिपोर्टमध्ये 'ड्रेनेज ठीक' जाईल आणि इथे काहीच बदलणार नाही. दोनशे माणसं राहतात या बिल्डिंगमध्ये, आणि मेन बोर्ड तळमजल्यावर. पाणी कुठवर आलं होतं?

मच्छिंद्र : बोर्डाच्या चार बोटं खाली. म्या मेन पाडस्तवर काशिफला फ्रिजचा शॉक बसला. मेसमधला आमचा आचारी. वाचला, पर हात अजून कापतो त्याचा.

रुचा : अरे देवा. आणि जाळ्या कुठे आहेत? मला एकही दिसत नाही.

मच्छिंद्र : माझं नाव लिवणार का? पोरगी बारावीला हाय, ताई. ही नोकरी गेली तर तिचं शिकणं ऱ्हाईल.

रुचा : आधी सांगा तर.

मच्छिंद्र : तुमी हुब्या हाय त्या फळीखाली एक हाय. जूनमधी वारं सुटतं, वाळू निस्ती वतल्यागत येती. दरसाली जाळ्या भरायच्या, आमी दोन-दोन दिस उपसत बसायचो. म्हणून म्याच फळ्या मारल्या, कडंनं सिमेट लावलं. समद्यांनी पाठ थोपटली. पावसाचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. काशिफ अजून मला भाईजान म्हणतो. लई लाज वाटती.

रुचा : हा माझा फॉर्म बघा. पान तीन, वाळूचं वादळ : 'जाळ्या झाकल्या आहेत का?' तिथे तुम्हाला पैकीच्या पैकी. पान सात, पूर : 'जाळ्या उघड्या आहेत का?' तिथे शून्य. दोन्ही पानं मीच केली, दोहाच्या ऑफिसात एसीत बसून. मलाही सुचलं नाही, भाऊ.

मच्छिंद्र : मग आता?

रुचा : आता लिहिते. बोर्ड छातीएवढ्या उंचीवर न्यायचा. फळ्या काढून जाळ्यांवर बिजागरीची झाकणं लावायची. मे संपताच ती बंद करायची, ऑक्टोबरात उघडायची. फळी कुणी मारली, ते हा फॉर्म विचारत नाही.

मच्छिंद्र : बोर्डाचं काम मी दोन दिसांत करतो. केबल पुरती, बघून ठिवलंय म्या. आन् काशिफला आज जेवताना सांगतो. इन्शाल्ला, समजून घील.

रुचा : घेईल. एक राहिलं. झाकणं वेळेवर उघडायची जबाबदारी कुणाची, तिथे नाव लागतं. मॅनेजरचं टाकू?

मच्छिंद्र : त्यास्नी कुठं ठावं, जाळी कुठं हाय ती. माझं लिवा, ताई. मच्छिंद्र दगडू खरात. पुरं लिवा.