फलकावरचा वाढदिवस

दवाखान्यात माझ्या शेजारी एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण नंबरची वाट बघत बसले होते.

"ताई, नेटवरचा तो प्रोग्राम फुकटच होता गं. कुणीही वापरा, असं लिहिलेलं."

"मग छातीत धडधड कशाला?"

"अट होती. पुढे कुणाला दिला, तर मूळ माणसाचं नाव ठेवायचं, सगळा कोडही द्यायचा."

"आणि तू?"

"नाव पुसलं, एका कंपनीला विकला. सगळं मीच लिहिलंय, अशी कंत्राटावर सही केली. कंपनीने तीनशे ठिकाणी बसवलाय."

"कुणाला कळणार आहे?"

"त्या मूळ माणसाने आत आपल्या मुलीचा वाढदिवस लपवलाय. त्या दिवशी दुपारी बाराला पडद्यावर शुभेच्छा येतात. काल कोड चाळताना सापडलं."

"काढून टाक की!"

"मशीन कंपनीच्या ताब्यात. हात लावायचा तर कारण सांगावं लागेल."

"वाढदिवस कधी?"

"आज."

"अरे देवा! आणि हा प्रोग्राम चालतो कशावर?"

त्याने समोरच्या नंबरच्या फलकाकडे बोट केलं. तेवढ्यात बारा वाजले, फलकावरचा सत्तेचाळीस आकडा गेला आणि अक्षरं उमटली: 'छकुली, वाढदिवसाचा गोड पापा. तुझा बाबा.'

काउंटरवरच्या बाई हसल्या.

"अगंबाई! हा बाबा कोण?"