सोळा सेल, दोन लॉट

...आणि वर लोक मलाच सांगतात, "शेठ, बॅटरीच तर घ्यायचीय, त्यात काय एवढं?" बॅटरीच तर! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी फरशी विकतोय, गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं की हा माल घेणार की नुसता पंख्याखाली बसून पाणी पिऊन जाणार, पण त्या निळ्या निळ्या विटा टेबलावर ओळीने मांडल्या आणि मी दोन पावलं मागे सरलो. घाबरलो नव्हतो हं. पण विचारून ठेवलेलं बरं, काय?

थांबा, आधी पहिल्यापासून सांगतो. आमच्या आईला गेल्या वर्षापासून ऑक्सिजनचं यंत्र लागतं. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीने नाकाशी देतं, विजेवर चालतं, दिवसभर आपलं घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. वीज गेली की घुर्र नाही आणि फुस्सही नाही. आणि आमच्याकडे वीज एक दिवसाआड दुपारी जाते, कधी तीन तास, कधी चार. तुम्ही म्हणाल, शेठ, तुमच्या गच्चीवर सोलर आहे ना? आहे की! चांगले आठ पत्रे आहेत, उन्हात चमकतायत, पण साठवायला काही नाही, त्यामुळे रस्त्यावरची लाइन गेली की तेही हात वर करतात. डोक्यावर एवढा सूर्य, आणि खाली मी पुठ्ठ्याने वारा घालतोय! एक लहान सिलिंडर आणून ठेवला होता, तो दोन तास पुरतो. आता चारातून दोन गेले, उरलेले दोन तास माणसाने काय करायचं? आईला सांगायचं, जरा दम धर?

तर माझी भाची सोलरचंच काम करते. पोरगी हुशार, पण एकेक शब्द तोलून देते. ती आली, भिंत बघितली, यंत्रावरचे आकडे बघितले आणि म्हणाली, "मामा, लिथियमचे सोळा सेल एकापुढे एक जोडायचे, लोखंडी कपाटात बसवायचे. चार तास आरामात निघतील. सेल मी आणते." सेल मी आणते! अगं, खरेदी म्हणजे माझा प्रांत. तू जोडणी कर, माल मी आणतो. मग तिने चिठ्ठी लिहून दिली. 'सोळा सेल. सगळे एकाच लॉटचे.' बास, दोन ओळी. मी वाचली. शाळा सातवीत सुटली असेल, पण वाचता येतं मला.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण माती इथेच खाल्ली. आमच्या धंद्यात लॉट म्हणजे काय? एका भट्टीतून एका वेळी निघालेला माल. पुढच्या वेळचा रंग केसभर वेगळा निघतो. दोन फरश्या हातात धरून बघा, मुळीच कळणार नाही. खोलीभर घाला, की आंधळ्यालाही दिसेल! आमच्याकडचे एक हेडमास्तर, हिशेबी माणूस, उगाच जास्त कशाला म्हणून चार डबे कमी घेऊन गेले आणि वर्षाने ते चार मागायला आले. आज त्यांच्या हॉलला गुडघ्यावर ठिगळ लावलेल्या विजारीची कळा आहे. पाहुण्यांना ते सोफा हलवू देत नाहीत. तेव्हापासून काउंटरमागे मी पाटीच लावलीय, बोटभर जाड अक्षरांत. 'एका खोलीची फरशी एकाच लॉटची घ्या. नंतर जुळणार नाही.' म्हणजे लॉट कशासाठी? रंगासाठी. आणि हे सेल जाणार कुठे? कपाटात. दार लावून. वर कुलूप. तिथे रंग बघायला कोण बसलंय? मी मनात म्हटलं, शिकलेल्या पोरी, चिठ्ठीत काहीबाही लिहितात.

शिवाय आमच्या वडिलांची शिकवण होती, सगळा माल एका हातून घेऊ नये. वडील म्हणायचे, एकाच्याच दारात गेलास की तो तुला जावई समजतो, आणि जावयाला कोणी भाव सांगत नाही, नुसता पाहुणचार करतात. दोन दारं ठेव, दोघेही सरळ राहतात. छत्तीस वर्षं मी दोन दारं ठेवली. चुना दोन दारांतून, डबे दोन दारांतून. डॉक्टरसुद्धा दोन आहेत.

पहिल्या दारात गेलो. माणूस जाड भिंगांचा चष्मा लावणारा, चेहऱ्यावर माशी हलणार नाही. सोळा सेल मांडले, म्हणाला, एका लॉटचे आहेत, नंबर लागोपाठ आहेत. मी विचारलं, तापतात का? म्हणाला, थोडे. फुगतात का? वाईट वापरले तर. पेटतात का? म्हणाला, ही जात सहसा पेटत नाही. 'सहसा'! तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दाने माझी झोप खाल्ली. म्हटलं, भिंतीपलीकडे आईची खाट आहे, चालेल? कपाटाला मागून भोकं पाडू? फरशीवर ठेवू की लाकडावर? त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. घाबरलो नव्हतो हं. पण विचारून ठेवलेलं बरं.

मग मी आमच्या पद्धतीने माल तपासला. फरशी कशी बघतात? बोटाच्या पेराने टिचकी मारायची, खणखणीत वाजली तर अख्खी, बद्द वाजली तर आत तडा. मी सेलवर टिचकी मारली. बद्द. दुसऱ्यावर मारली, बद्द. सोळाच्या सोळा बद्द! माझा चेहरा पडला. चष्मेवाला म्हणाला, "शेठ, ते वाजायला नाहीत केलेले." पण खिशातून काटकोन बघायचा गुण्या काढून प्रत्येकाची बाजू सरळ आहे का बघितली, तेव्हा मात्र तो खुर्चीत सावरून बसला, म्हणाला, फुगवटा असा कोणी बघत नाही, बघायला हवा. बघा! अनुभव कुठे वाया जात नाही.

आणि एवढं झाल्यावर मी आठच घेतले. तो म्हणाला, सोळा लागतात ना? म्हटलं, आठ द्या. तो नुसता बघत राहिला. ती नजर मला तेव्हाच ओळखायला हवी होती हो, मी स्वतः रोज तसा बघतो!

उरलेले आठ दुसऱ्या दारातून. हा गोडबोल्या. "या, या, या, दादा, बसा, तुमचंच दुकान आहे, आईंसाठी हवेत म्हणता, मग तर आमचीही आईच झाली." कंपनी तीच, निळा कागद तोच, छापलेले आकडे तेच. लॉट विचारला तर म्हणतो, "दादा, लॉटचं काय घेऊन बसलात, सगळे एकाच आईची लेकरं." मला पटलं! माणूस किती मनमोकळा, म्हटलं.

आता ते घरी आणायचे. चष्मेवाल्याने बजावलं होतं, सेलच्या दोन टोकांना लोखंड लागलं तर ठिणगी उडेल. मग मी काय केलं? खिशातली नाणी काढली, किल्ल्यांचा जुडगा काढला, घड्याळ काढलं, पट्ट्याचं बक्कल लोखंडी म्हणून पट्टाही काढला आणि सगळं एका पिशवीत घालून डिकीत टाकलं. सोळा सेल मागच्या सीटवर, त्यांना सीटबेल्ट. गाडी अशी चालवली की एक पायी जाणारे गृहस्थ माझ्या बरोबरीने चालत होते, त्यांनी मध्येच वाकून विचारलं, काही मदत हवी का? घरी पोहोचलो, एका हातात दोन सेल, दुसऱ्या हाताने विजार धरलेली. बायकोने दार उघडलं, वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "लुटलं का कोणी?"

भाची आली जोडणीला. खोके मी आधीच फेकले होते, आणि सेलवर नंबराच्या जागी आपल्या डोळ्यांना न वाचता येणारे ते ठिपक्यांचे चौकोन. तिने एकदाच विचारलं, "मामा, सगळे एका लॉटचे ना?" मी म्हटलं, अगं, छत्तीस वर्षं माल घेतोय मी. हे काय उत्तर झालं? नाही झालं. पण तिने ते हो धरलं. मामा म्हणतोय ना. सगळे पूर्ण भरून सारखे केले, मीटर लावला, सोळाही अगदी सारखे! मी तिच्याकडे असं बघितलं, असं बघितलं... काय सांगू.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. आणि यंत्र चालूच! घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स! मी खुर्ची ओढून कपाटासमोर बसलो, शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. एक तास दहा मिनिटं झाली आणि कपाटात आवाज आला. टक्. बस, एवढाच. खोलीतला आवाज गेला. मग यंत्र ओरडायला लागलं. बायकोने धावत सिलिंडर आणला, नळी बदलली. सिलिंडर दोन तासांचा. मी काट्याकडे बघत उभा. लाइनवाल्यांना फोन केला, दवाखान्याला केला, भाचीला चार वेळा केला, परत लाइनवाल्यांना केला. घाबरलो... जाऊ द्या. घाबरलो होतो. तुमच्यापासून काय लपवायचं? काटा लालात शिरला होता आणि माझी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि आई, नळी नाकाला, शांत, माझ्याकडे बघून म्हणते कशी, "अरे, जरा हळू घे. माझ्या वाटणीचाही श्वास तूच घेतोयस."

वीज आली. सिलिंडरमध्ये किती उरलं होतं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

संध्याकाळी भाची आली. कपाट उघडलं, यंत्र सेलवर चालू केलं आणि एकेका सेलला मीटर लावत बसली. बारा ठीक. तेरावा बघता बघता खाली. तिने चौकोनाचा फोटो काढला, पहिल्या सेलचा काढला, दोन्ही वाचले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, लॉट दोन वेगळे. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं! मला म्हणाली, सोळा जण एका दोरीला बांधून डोंगर चढतायत असं समजा, सगळ्यांत दमलेला जिथे बसला तिथे सगळे थांबले. पंधरांच्या अंगात बळ आहे, पण दोरी एकच. भरलेले असताना सगळे सारखेच दिसतात, फरक चालायला लागल्यावर कळतो. मी म्हटलं, कंपनी तर एकच आहे ना? कागद तर तोच आहे ना?

तिने मीटर खाली ठेवला. "मामा, दुकानात काउंटरमागे काय लिहिलंय?"

मी कपाटाचं दार पुसायला लागलो.

"म्हणा ना."

मी म्हटलं. आईच्या खाटेशेजारी उभा राहून, मारकुट्या गुरुजींसमोर म्हणावं तसं म्हटलं, एका खोलीची फरशी एकाच लॉटची घ्या, नंतर जुळणार नाही. आई खाटेवरून म्हणते, "अक्षर चांगलं काढलंय हो त्या पाटीचं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी चष्मेवाल्याच्या दारात. वाटेत पाठ करत गेलो, त्याचा लॉट संपला असला तर काय करायचं, हातापाया कसं पडायचं. त्याने मला बघितलं, खाली वाकला आणि टेबलाखालून आठ सेल काढून ठेवले. त्याच लॉटचे. मी म्हटलं, अहो, विकले नाहीत? म्हणाला, "आठ नेणारा आठवड्यात परत येतो, शेठ. ठेवावे लागतात. भाव मात्र आजचा." आता मी काय भांडणार त्याच्याशी? माझ्या गोदामात मागच्या भिंतीला याच हिशेबाने प्रत्येक लॉटचे चार-चार डबे झाकून ठेवलेले असतात! हेडमास्तरांच्या वेळी मात्र तेही संपले होते. मुकाट्याने घेतले. टिचकी मारली नाही.

आता यंत्र चार तास चालतं आणि वर शिल्लकही राहते. आई मजेत आहे. वीज गेली की मी दुकानातून येऊन कपाटाशी उभा राहतो, नुसता, दारावर हात ठेवून. आई म्हणते, बस की रे खाली. मी म्हणतो, काही नाही गं, बघून ठेवलेलं बरं.

आणि ते गोडबोल्याचे आठ? तो परत घेईना, "दादा, आपल्यात परत घेणं शोभतं का?" फेकवतही नाहीत. मग भाचीने ते दुकानात वेगळे जोडले, एका लहान दिव्यापुरते. थकत-भागत का होईना, चालतात. दिवा कुठे लावला विचारा. त्या पाटीवर! आता वीज असो नसो, पाटी लखलखीत.

काल एक गिऱ्हाईक आलं. पाटीखाली उभं राहून, ओठ हलवत, सगळी वाचली, आणि मला म्हणालं, "शेठ, सहा डबे तुमच्याकडून घेतो, सहा समोरून. सगळा माल एका हातून घेऊ नये, काय?"

पूर्वी तासभर समजावलं असतं हो. काल नाही. गुपचूप सहा डबे काढून दिले, सहा टेबलाखाली सरकवले आणि म्हटलं, घ्या साहेब. वाचता तर मलाही येत होतं.