जोडाखालची रेघ

नाही, काढा ना फोटो, खुशाल काढा, मी कुठे नको म्हणतेय? फक्त किमतीच्या चिठ्ठीचा काढू नका. सगळे काढतात हो – तासभर इथे बसायचं, माझ्याकडून सगळं समजून घ्यायचं, उंची मोजून घ्यायची, आणि मग घरी जाऊन मोबाइलवरून सायकल मागवायची. वर तेच खोकं घेऊन माझ्याचकडे यायचं – ताई, तेवढं हँडल बसवून देता का! तुम्ही तसले नाही? बरं. तसले आहोत असं अजून तरी कोणी कबूल केलेलं नाही. बसा. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते. इकडे बसा.

तर तुम्हाला पाहिजे हार्डटेल, मधल्या किमतीची, टेकडीवरच्या पायवाटांसाठी. पुढे शॉकअप, मागे काही नाही. बरोबर आहे, तेवढीच घ्या. या किमतीत दोन्हीकडे शॉकअप देतात ना, तो नुसता देखावा असतो. म्हणजे प्रश्न राहिला फ्रेमचा. ही करडी आहे ना, ती अ‍ॅल्युमिनियमची. ती हिरवी स्टीलची. उचलून बघा दोन्ही. कळला फरक? दीड किलो तरी असेल. चढावर तो दीड किलो तुम्हाला शिव्या घालतो. पण उतारावर, दगडधोंड्यांतून येताना, स्टील जरासं दबतं, अंगाला धक्का कमी लागतो. अ‍ॅल्युमिनियम ताठ. पायात जोर असेल तर पळते, पाठ दुखरी असेल तर – दुखरी आहे का पाठ? मग विचार करा. आणि स्टील गंजतं, ओली आणून तशीच ठेवलीत तर गंज आतून खातो. आळशी माणसाने स्टील घेऊ नये, मी तोंडावर सांगते लोकांना, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे – 

थांबा. आत्ता काय केलंत तुम्ही? नाही, हात काढू नका, होता तिथेच ठेवा. हा असा अंगठा, पुढच्या नळ्या जिथे जोडल्यात त्या जोडाच्या बरोबर खाली, डोळे मिटल्यासारखे करून... असं गिऱ्हाईक करत नाही. अठरा वर्षं गल्ल्यावर बसतेय मी. गिऱ्हाईक घंटी वाजवतं, चाक फिरवतं, ब्रेक दाबतं, सीटवर बुक्की मारतं. जोडाखालून अंगठा फिरवणारा एकच माणूस पाहिलाय मी आजवर.

दादाने पाठवलंय ना तुम्हाला?

कोण दादा म्हणे! माझा सख्खा मोठा भाऊ, आणखी कोण. दुकान आमचं दोघांचं होतं, बाहेर पाटी बघितलीत ना – एका टोकाला रंग खरवडलेला दिसतो, तिथे त्याचं नाव होतं. मी गल्ला सांभाळायची, तो मागे काम करायचा. त्या पडद्याच्या मागे. आता तिथे खोकी आहेत. चार वर्षं झाली त्याला इथून जाऊन. नदीपलीकडे दुकान टाकलंय म्हणे, एका खोलीचं. मी काही बघायला गेलेली नाही. गेलेय म्हणजे, बसमधून दिसलं. दोनदा.

का गेला? याच्यावरूनच – स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम. सगळ्यांना माहितीये, विचारा कोणालाही. तो म्हणायचा स्टीलच ठेवूया, मी म्हणायचे लोकांना हलकी पाहिजे, रंगीत पाहिजे, घराघरांत तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यावी लागते. त्याला पटेना, मला पटेना, झालं. भावंडांत होतं असं. तुम्ही मान कशाला हलवताय? त्याने वेगळं काही सांगितलंय? मला कळलं पाहिजे काय सांगितलंय ते. कारण मी काही लपवत नाहीये तुमच्यापासून, अ‍ॅल्युमिनियमबद्दल सगळं खरं सांगितलं की नाही? आणखी सांगते. स्टीलला तडा गेला तर बहुतेक वेळा आधी लक्षात येतं, करकरतं, वाकतं, आणि चांगला वेल्डिंगवाला असेल तर जोडूनही देतो. अ‍ॅल्युमिनियम फार काळ सोसतं – आणि मग एक दिवस सोसत नाही. म्हणून रेघ दिसली की सायकल तिथेच थांबवायची. एक मीटरसुद्धा चालवायची नाही. हे सांगते मी आता प्रत्येकाला. प्रत्येकाला! त्याला सांगा जाऊन.

रंगाची रेघ आणि तड्याची रेघ यात फरक काय? हे – हे तुम्ही का विचारताय मला? म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. उगाच भोळा चेहरा करून बसलात. कळतो फरक, हो, कळतो. नख अडकतं. रंगाच्या चऱ्यावर नख सरकतं, तड्यात अडकतं. माझं अडकलं होतं. बस? झालं समाधान?

ती परिचारिका होती, इथल्याच दवाखान्यातली. सुटीच्या दिवशी टेकडीवर जायची. करड्या रंगाचीच सायकल, याच कंपनीची आधीची. म्हणाली, ताई, पुढून कुरकुर येते. दादा त्या दिवशी दात काढायला गेला होता. मीच बघितलं. जोडाखाली केसाएवढी रेघ. आणि त्याच आठवड्यात तशाच्या तशा चार सायकली आल्या होत्या हो, इथे ओळीने उभ्या होत्या, त्यांची खोकीसुद्धा बाहेर टाकली नव्हती. तिला सांगितलं असतं तर कंपनीला कळवा, दोन महिने वाट बघा, आणि दवाखाना म्हणजे शंभर माणसं, गावभर झालं असतं – मी म्हणाले, रंगाला चरा गेलाय. एवढंच. हँडलचा नट आवळला, कुरकुर जरा कमी झाली. आणि जुळणाऱ्या रंगाची एक छोटी बाटली असते ना, बारीक ब्रशवाली, ती घेतली आणि... म्हटलं, हे बघा, दिसतसुद्धा नाही आता. ती हसली. दोनदा धन्यवाद म्हणाली.

नऊ दिवसांनी तुटली. उतारावर. तिचं खांद्याचं हाड मोडलं आणि पुढचे दोन दात गेले. वाचली. त्या चारही सायकली मी परत पाठवल्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि ती बाई भांडायलासुद्धा आली नाही हो! हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून आली, तुटलेली फ्रेम रिक्षातून घेऊन, आणि मलाच म्हणते, तुम्हाला तरी काय माहीत असणार. दादाने फ्रेम हातात घेतली. मला विचारलं, तू बघितली होतीस ही? मी म्हणाले, नाही. तो तुटलेल्या कडेकडे बघत राहिला. कडेवर रंग होता ना, वाळलेला, आतपर्यंत उतरलेला.  त्याने आपली पान्यांची पेटी भरली आणि पडद्यातून बाहेर पडला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कोण तुम्ही? या दुकानात या गोष्टीवर मी कोणापुढे चकार शब्द काढलेला नाही, नवऱ्यापुढेही नाही, आणि तुम्ही येता, अंगठा फिरवता... खरं सांगा, त्याने मला तपासायला पाठवलं ना? अजून खोटं बोलते का ते बघायला?

काय? 

परत सांगा. आधी त्याच्याकडे गेला होतात. बरं. त्याच्याकडे तुमच्या उंचीची फ्रेम नव्हती. नसेल, एका खोलीत किती ठेवणार. जोड कसा बघायचा ते त्याने शिकवलं, जो येईल त्याला शिकवतो. आणि मग? मग म्हणाला – पलीकडे माझ्या बहिणीचं दुकान आहे, तिच्याकडे जा. स्टील की अ‍ॅल्युमिनियम ते तिलाच विचारा. ती खोटं सांगणार नाही.

असं म्हणाला? ‘माझ्या बहिणीचं’ म्हणाला?

एक मिनिट. ‘ती खोटं सांगणार नाही’ म्हणाला, की ‘ती आता खोटं सांगणार नाही’ म्हणाला? अहो, फरक आहे, फार फरक आहे! ‘आता’ होतं का त्यात? नीट आठवा. चेहरा कसा होता? चाकाकडे बघून बोलला की तुमच्याकडे? आठवत नाही काय, काल संध्याकाळचीच गोष्ट ना! असेल किंवा नसेल – असं कसं चालेल?

नाही, सायकल आज नाही मिळणार. पैसे आत ठेवा. ती हिरवी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते, तुमच्या पाठीला तीच बरी, उद्या या, तोवर ब्रेक नीट जुळवून ठेवते. आत्ता नाही. नदीपलीकडे जाणारी बस कितीला असते? बारा वीस? मग उठा की, बसून काय राहिलात – दुकान बंद करायचंय मला. हो, भर दुपारी. ते शटर वरून अडकतं, तुम्ही उंच आहात, जरा हात लावा. ओढा. अजून. झालं, सोडा. या आता तुम्ही.