देव्हाऱ्यातला रोमचा राजा

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत मृणालिनीच्या पुढे दोघी शेजारणी बोलत होत्या. तिचे कान तिकडेच लागले.

“सुगंधा, माहुलला पाइप शोधताना भाऊजींचं धातू शोधायचं यंत्र वाजलं आणि सोन्याचं नाणं मिळालं, ते अजून घरातच?”

“सासूबाईंनी पूर्वजांच्या टाकांशेजारी देव्हाऱ्यात बसवलंय गं, विमला. म्हणतात, आमचे मूळपुरुष आले.”

“अगं, भाऊजींचे साहेब म्हणाले ना, नाण्यावरचा तो रोमचा राजा आहे.”

“सासूबाई म्हणतात, नाक आपल्याच घरातलं आहे.”

“आणि भाऊजींची नोकरी?”

“उद्या नाणं जमा नाही केलं, तर गेलीच.”

“सासूबाई देतील?”

“देतील. आधी वडे-सागोतीचा नैवेद्य दाखवणार.”

“रोमच्या राजाला सागोती?”

“घरी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं गं?”