भट्टीवरची तडतड

डुलुथ गावातल्या त्या दुकानात मार्लिस घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची हवा गाळायची जाळी घ्यायला आली होती. तिच्या पुढे म्हातारा आर्विड उभा होता आणि काउंटरमागे दुकानदार लायल.

"लायल, भट्टीवरचं ते हवा साफ करायचं विजेचं यंत्र बंद पडलंय बघ," आर्विड म्हणाला.

"दिवा लागतो का त्याचा?"

"दिवा लागतो. तडतडत नाही."

"आतल्या पेट्या धुतल्यात?"

"भांड्यांच्या मशीनमध्ये घालून धुतल्या. आमची ही, इंगा, तशाच धुवायची."

"आणि ओल्याच बसवल्या असतील तुम्ही."

"मला काय आज कळतंय का ते? चांगल्या दोन दिवस वाळवल्या. हवेच्या दिशेचा बाणही बघून बसवल्यात."

"एखादी बारीक तार तुटली असेल."

"एकही नाही. चष्मा लावून बघितलंय."

"मग ते चालू आहे, आर्विड. कचरा अडकला की तडतडतं ते. तळघरात कोणाचं काही काम चालतं का?"

"आता नाही. इंगा होती तेव्हा तिथं गोधड्यांची कापडं कापत बसायची."

"मग त्यांचीच तुसं यंत्रात ओढली जायची."

"वर मला ऐकू यायचं. जेवायची वेळ झाली तरी तडतड चालूच. मग मीच हाक मारायचो."

लायलने काउंटरवरचा कपडा उगाच इकडून तिकडे सरकवला. मार्लिसला घाई होती, तरी ती एक पाऊल मागे सरकली.

"घरातली हवा स्वच्छ आहे तुमच्या. काही घ्यायची गरज नाही."

"हं."

"यंत्रावर एक बटण असतं, चालतंय का बघायला. दाबलं की तडतडतं."

"नुसतं दाबायचं?"

"नुसतं दाबायचं."

"रोज दाबलं तर बिघडणार नाही ना रे?"