आर्डिथबाईंच्या फडताळातल्या चार रायफली

मी, वेंडेल थॉर्सबी, वय ५८ वर्षे, धंदा मेंढ्या पाळणे व गवत विकणे, राहणार अल्डर बेंड, पूर्व ओरेगन. आज शेरीफ कचेरीत कोणी न बोलावता हजर होऊन डेप्युटी कॅसिडी ब्रँट यांच्यासमोर जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी जन्मापासून राहतो. माझी पत्नी लोर्ना मागच्या गवतकापणीत वारली. मूलबाळ नाही. श्रीमती आर्डिथ कोल्बी, वय ७६, या माझ्या शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये दोन कुरणे व एक ओढा. त्या पूर्वी शाळेची बस चालवत. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी कान धरून बसमध्ये बसवले आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची अजूनही कोणाची छाती होत नाही.

मागच्या आठवड्यात राजधानीहून आमदार मंडळी लोकांचे म्हणणे ऐकायला शाळेच्या व्यायामशाळेत आली होती. राज्यात बंदुकांवर नवा कायदा येऊ घातला आहे. त्यात असे की, शेजाऱ्याला चार दिवस वापरायला बंदूक द्यायची तरी दोघांनी आधी परवानेवाल्या दुकानात जाऊन तपासणी करून घ्यायची, नाही तर गुन्हा. आमच्या जवळात जवळचे असे दुकान डोंगरापलीकडे आहे. बरेच जण विरोधात बोलले. काहींनी नुसताच घसा फोडला. आर्डिथबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात आत्ता चार रायफली आहेत. चारही उसन्या. तुमचा कायदा झाला की मी चारदा गुन्हेगार. म्हणून माझा विरोध."

एका आमदारबाईंनी विचारले, "आजी, तुम्हाला लोकांच्या रायफली लागतात कशाला?"

"कोल्ह्यांसाठी."

"मेंढ्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही."

"मग कोंबड्या?"

"त्या विकल्या."

सगळी व्यायामशाळा हसली. आमदारबाईंचा यात दोष नाही, त्यांना काय ठाऊक. मी मागच्या बाकावरून उठलो होतो. आर्डिथबाईंनी माझ्याकडे वळून, बसमध्ये करत तसा, हात खाली दाबला. मी बसलो. त्यांचे कान लाल झाले होते. त्या कोट घेऊन सरळ बाहेर गेल्या.

त्याच सभेतल्या कोणीतरी कचेरीला फोन केला की, म्हातारीच्या घरात चोरीच्या बंदुका आहेत. डेप्युटी तपासाला गेल्या तेव्हा फडताळात मुरंब्याच्या बरण्यांमागे चारही रायफली मिळाल्या, त्या कचेरीत आणल्या. कोणाच्या, असे विचारल्यावर आर्डिथबाई "शेजाऱ्यांच्या" एवढेच म्हणाल्या. मालकांची नावे कळली नाहीत तर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल होणार, हे मला आज चाऱ्याच्या दुकानात कळले. पिशव्या तिथेच टाकून आलो.

विचारल्यावरून सांगतो की, अक्रोडाच्या दस्त्यावर 'एल' कोरलेली रायफल माझी आहे. लोर्नाने ती मला लग्नाच्या वर्षी दिली. ती चोरीला गेलेली नाही. मी माझ्या हाताने आर्डिथबाईंना दिली.

केव्हा व कशी दिली, असे विचारल्यावरून सांगतो की, लोर्नाचे दफन झाले त्यानंतरचा तो रविवार. संध्याकाळी मी मेंढ्यांच्या गोठ्यात बसलो होतो. रायफल जवळ होती. का जवळ होती ते लिहू नये. लिहायचेच असेल तर जवळ होती एवढेच लिहावे. आर्डिथबाई बीन्सचे भांडे घेऊन आल्या. भांडे खाली ठेवून म्हणाल्या, "वेंडेल, कोल्ह्यांनी उच्छाद मांडलाय बाबा. तुझी रायफल दे जरा."

त्यांच्या अंगणात तेव्हा एक कोंबडीही नव्हती, हे मला माहीत होते. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होते. आमच्याकडे ही पद्धत माझ्या वडिलांच्या आधीपासूनची आहे. कोणाचे दिवस वाईट चालले की शेजारी जाऊन त्याची बंदूक उसनी मागतो. कोल्हा म्हणा, रानडुक्कर म्हणा, सुचेल ते कारण सांगतो. खरे कारण मागणाऱ्याने काढायचे नाही आणि देणाऱ्याने विचारायचे नाही. मालक मागेपर्यंत बंदूक सांभाळायची. आर्डिथबाईंचे यजमान गेले तेव्हा त्यांच्याकडे लोर्ना गेली होती. तिने अस्वलाचे कारण सांगितले होते. आमच्या खोऱ्यात अस्वल आजवर कोणी पाहिलेले नाही.

मी रायफल दिली. आर्डिथबाई म्हणाल्या, "आता बीन्स गरम आहेत तोवर खा. मी बसते इथं." मी खाल्ले. त्या बसल्या.

डेप्युटींनी मला सांगितले की, मसुद्यात सूट आहे, जिवाला धोका दिसत असेल तर तपासणीशिवाय बंदूक ठेवून घेता येते. मी म्हणालो, "कॅसिडी, मग धोका आहे असं आर्डिथबाईंना माझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. मी त्यांना भांड्यासकट हाकलून दिलं असतं आणि परत गोठ्यात जाऊन बसलो असतो." हे लिहू का, असे डेप्युटींनी विचारले. लिहा म्हणालो.

कायद्यातले मला फारसे कळत नाही. बंदुकीने माणूस जातो, हे मात्र कोणी मला शिकवायला नको. पण भर सभेत स्वतःचे हसे करून घेतले, दारात पोलीस आले, तरी शेजाऱ्याचे नाव ओठावर येऊ दिले नाही, अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्यासाठी मला हे सगळे बोलावे लागले याचे मला वाईट वाटत नाही.

उरलेल्या तीन रायफली कोणाच्या, ते मला माहीत नाही. आत येताना बाहेरच्या बाकावर तीन जण टोप्या हातात घेऊन बसलेले दिसले. कोणी कोणाकडे बघत नव्हते. मीही नीट पाहिले नाही.

माझी रायफल मला आज परत हवी आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, नको. ती होती तिथेच, आर्डिथबाईंच्या फडताळात परत ठेवावी. मला अजून रोज संध्याकाळी त्या गोठ्यात जावे लागते.

हा मजकूर डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "जवळ होती" या शब्दांपाशी त्या जरा थांबल्या, मग पुढे वाचले. मी बोललो तसेच उतरले आहे, त्यात काही कमी नाही की जास्त नाही, म्हणून खाली सही करतो.

वेंडेल थॉर्सबी