बहीण की नणंद

तुम्ही हसाल, पण तासगावच्या त्या दोन आजी मला अट्टल लबाड वाटल्या होत्या. मी ज्येष्ठांच्या दवाखान्याच्या कार्डाचे फॉर्म भरत हिंडत होते. त्यांतल्या सखूबाईंना विचारलं, "जवळचं माणूस कोण?"

"शांता, आत हाय ती. माझी भण."

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या शांताबाई म्हणाल्या, "मी हिची नणंद."

माझा हात थांबला. कार्डासाठी खोटी नाती लावणारे मी पाहिले होते. "आजी, नक्की कोण?"

शांताबाईंनी धाडकन दार लावलं. मी खुर्चीतून उडालेच!

"तुला शेजारनीनं धाडलंय व्हय गं?"

"नाही हो! कार्डाचंच काम आहे. शप्पथ!"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग सखूबाई बोलल्या, "बेदाण्याच्या शेडवर भेटलो आमी. तवापासनं तीस वर्सं नवरा-बायकोगत ऱ्हातोय. मागं मी दवाखान्यात पडले, तवा हिनं भण सांगितलं. दवाखानेवाल्यांनी दोघींच्या बापाचं नाव इचारलं, ती येगळी निघाली, आन् हिला चार दिस भाईर बसवलं."

"म्हून आता नणंद ठरवलंय," शांताबाई करवादल्या. "पर ही इसरती! आन् पुढल्या आठवड्यात हिचं हार्टाचं ऑपरेशन हाय."

फॉर्म माझ्या मांडीवर तसाच. "मग... काय लिहू?"

शांताबाईंनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"काय लिवल्यावर मला आत सोडत्यात, ते तुला ठावं. त्येच लिव."